निळ्या धुराचा वास

मलकापूरच्या हायवेवरच्या माझ्या मिस्त्रीला मोठ्या तापातून उठल्यापासून वासच येत नाही. माझी जीप निळा धूर सोडू लागली की तो आधी बॉनेट उघडत नाही. गॅरेजमागच्या घराकडे तोंड करून ओरडतो, "अवं, ये वं जराशी!" बायको कणकेच्या हातांनी येते, सायलेन्सरमागे वाकून वास घेते आणि सांगते, "तेल जळून राह्यलं. टर्बोचं सील पाहा." मग तो पाने काढतो.

परवाही तिनं सांगितलं तसं सीलच झिजलेलं निघालं. नवं बसवून त्यानं जीप चालू केली. धूर गेला होता, ते त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं.

"झालं नं? जाऊ द्या मले आता," मी म्हणालो.

"थांबा नं भाऊ. तिले येऊ द्या."

ती आली. तिनं सावकाश वास घेतला. "नाही येत आता."

"मले बी नाही येत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तो तिच्याकडे बघत उभा राहिला. माझं डिझेल जळत होतं. इंजिन बंद करा म्हणायचं मात्र माझ्या जिवावर आलं.