आरशातली आंघोळ

देवीच्या गालाचा नखाएवढा पापुद्रा माझ्या तळहातावर पडला, तेव्हा मी ब्रश टेकवलासुद्धा नव्हता.

क्षिप्रेच्या काठी, रामघाटापासून बरंच वर, एका पडक्या देवळाची एकच भिंत उभी आहे. तिच्या कोनाड्यात ही वालुकाश्मातली देवी. जुने दगड का झिजतात ते शोधायचं आणि झीज थांबवायची, हे माझं काम. वडील रेल्वेत खलाशी, भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आलेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ते लोकांना सांगतात, "पोरगी दगडांची डॉक्टर आहे." मी त्यांना दुरुस्त करत नाही.

दुखणं ओळखीचं होतं. लोणा. पाण्याबरोबर क्षार दगडात शिरतात. पाणी उडून जातं, क्षार आत राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते दगडाची कातडी आतून ढकलतात. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी सांधे सिमेंटने भरले होते. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मग ती दगडातूनच वाट काढते. आम्ही सिमेंट काढून चुना भरला. भिंत वाळायला लागली. देवी मात्र ओलीच. ओल मोजायचा मीटर लावला की आकडा वरच.

पाऊस नाही, जवळ नळ नाही. मग पाणी येतं कुठून? एका सकाळी साइटवर लवकर गेले, तर माधवनगरचे एक काका तांब्या घेऊन उभे. बँकेतून रिटायर झालेले. अगदी हळू, लहान बाळाला घालावं तसं देवीच्या डोक्यावर पाणी घालत होते.

"काका, हे रोज?"

"रोज. आधी निर्मला यायची, माझी बायको. आता ती पलंगावरून उठत नाही. मी घरी पोचलो की पहिला सवाल, पाणी घातलंत?"

"नदीचं?"

"नदीपर्यंत गुडघे साथ देत नाहीत, बेटा. तिकडच्या हँडपंपाचं."

हँडपंपाचं पाणी तपासलं. चांगलंच खारं. म्हणजे देवीला रोज सकाळी मिठाचा डोस मिळत होता.

आमच्या साइटचे प्रमुख असलेल्या सरांना सांगितलं. "जाली ठोक दो, मॅडम. बोर्ड लगा दो, जल चढ़ाना मना है."

"और काकाजी?"

"समझा दो. नहीं मानें तो मूर्ति उठाके स्टोर में."

सर चुकीचं बोलत नव्हते. गाल गेलाच होता, पुढचा नंबर डोळ्यांचा.

मी काकांना पापुद्रा दाखवला. त्यांनी तो बोटावर घेतला.

"हे मी केलं?"

"पाण्याने केलं."

"पाणी बंद करतो. पण घरी जाऊन काय सांगू? तिचं हे एकच काम उरलंय. आणि मी खोटं बोललो की ती लगेच पकडते."

मला आमच्या घरचा गणपती आठवला. मातीच्या मूर्तीला आंघोळ घातली तर ती विरघळेल. म्हणून वडील समोर ताम्हणात आरसा ठेवायचे आणि आरशात दिसणाऱ्या गणपतीवर पाणी सोडायचे.

"काका, तुमच्याकडे गणपतीला आरसा ठेवतात?"

"ठेवतात ना. निर्मलाच धरायची. पण ते मातीच्या देवाचं. ही तर दगडाची."

"हिची आता मातीच होत चालली आहे, काका."

त्यांनी पापुद्रा माझ्या तळहातावर परत ठेवला. "तिला विचारून सांगतो."

जाळी एक दिवस थांबवा, असं मी सरांना म्हटलं.

"आईना? पब्लिक मानेगी?"

"पब्लिक एक ही है, सर. और उनकी वाइफ."

दुसऱ्या दिवशी काका कापडी पिशवी घेऊन आले. आत ताम्हण आणि पितळी चौकटीचा आरसा.

"काय म्हणाल्या काकू?"

"म्हणाली, इतके दिवस नुसतं डोक्यावर पाणी ओतून येता, एकदा तिच्या तोंडाकडे तरी बघा."

भिंतीपासून लांब स्टूल ठेवलं. ताम्हणात आरसा तिरका केला. काका वाकून, मान इकडेतिकडे करून शोधत राहिले. मग म्हणाले, "दिसली." आणि पाणी सोडलं.

ताम्हण भरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. इतके दिवस पाणी दगडात आणि जमिनीत जिरायचं. आज ते समोर होतं. त्यांनी पिशवीतून औषधाची धुतलेली बाटली काढली आणि ते तीर्थ तिच्यात भरलं. बाटलीचं तोंड अरुंद, म्हणून ती मी धरली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, काकू काय म्हणाल्या? "तीर्थ दोन वेळा मागून घेतलं."

पुढे आम्ही देवीला कागदाच्या लगद्याचे ओले लेप दिले. लेप वाळताना क्षार ओढून घेतो. काढायचा, नवा लावायचा. हळूहळू आकडा खाली आला, पापुद्रे सुटायचे थांबले. गेलेला गाल नवा बसवला नाही, आमच्या कामात तसं करत नाहीत. डोळे शाबूत आहेत. जाळी लागली नाही. पाहणीला आलेल्या साहेबांनी स्टुलावरच्या आरशाबद्दल विचारलं, तर सर गंभीरपणे म्हणाले, "कंज़र्वेशन का इक्विपमेंट है, सर."

दगड ओला दिसला की पाणी कुठून येतं ते शोधायचं, हे मला कॉलेजात शिकवलं. ते पाणी कुणासाठी घातलं जातं, हे विचारायचं मात्र सिलॅबसमध्ये नव्हतं. आता मी ते मीटर लावायच्या आधी विचारते.