दादाचं संत्रं

संत्र्याची साल नखाने उचकटली की तिचा झणझणीत फवारा उडतो, आणि मला आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरातली एक दुपार आठवते. मी मॅट्रिकला होते. आपल्या जेवणात घरचेच विष घालतात, असं माझ्या दादाच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्या तो थुंकून टाकायचा आणि फक्त संत्री खायचा, तीही स्वतः सोललेली.

त्या दिवशी आईने वरणभात वाढला. दादाने ताट माझ्यापुढे सरकवलं.

"पहिले तू खाय वं, बेबी."

वरणातली गोळी मीच वाटीच्या बुडाने कुटली होती. आईचा हात पळीवर तसाच थांबला. मी घास घेतला, कडू लागला, तरी तोंड वाकडं न करता गिळला. दादा बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने ताट ओढलं आणि सगळं जेवला.

संध्याकाळी त्याने एक संत्रं आपणहून माझ्या हातात दिलं.

"सोलून दे मले."

तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. ज्या दिवशी त्याच्या ताटात खरोखरच काही कालवलं होतं, नेमका त्याच दिवशी त्याने माझ्यावर विश्वास टाकला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.