एकाच वाडग्यातला चहा

आम्रपाली ओव्हाळ जपानी शिकली ती हट्टाने. वडील, गेनबा, हडपसरच्या एका कारखान्यात मशीनवर होते. परीक्षा दिल्या, पास झाली, पण नोकरी मिळेना. शेवटी क्लासमधल्या अनिरुद्धने त्याच्या आयटी कंपनीत तिचं नाव सुचवलं आणि ती तिथे दुभाषी झाली. अनिरुद्ध त्याच कंपनीत, जपानी प्रोजेक्टवर होता.

२००९ मध्ये, मंदीच्या दिवसांत, जपानहून क्लायंटचे साहेब आले, यामादा-सान. मॅनेजर श्यामसुंदर यांनी त्यांना खूश करायला एक जागा शोधली. प्रभात रोडजवळच्या एका बंगल्यात, पुण्यात संसार थाटलेल्या एका जपानी बाईंनी मागच्या खोलीत चहाघर केलं होतं. दार इतकं बुटकं, की साहेबालाही गुडघ्यांवर रांगत आत जावं लागलं.

आत चटया, कोपऱ्यात निखाऱ्यांवर किटली. बाईंनी हिरवी पूड वाडग्यात घेतली, थोडं पाणी घालून बांबूच्या घोटणीने घोटली. चहा पिठल्याइतका दाट झाला. वाडगा एकच. एकाने प्यायचं, कड पुसायची, पुढच्याला द्यायचा. यामादांनंतर श्यामसुंदर प्याले. दुभाषी म्हणून आम्रपाली मागे सरकून बसली होती, पण बाईंनी तिलाही खुणावलं.

तिने वाडगा हातात घेतला आणि यामादा शांतपणे बोलू लागले. तिने ऐकलं. मग मराठीत सांगितलं, "ते म्हणताहेत, पुण्याची टीम पुढच्या महिन्यात बंद होईल. काम दुसऱ्या देशात जाईल. आपला पाहुणचार ते विसरणार नाहीत."

श्यामसुंदर यांनी मान लववली. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "हे या खोलीबाहेर जायचं नाही."

तिने चहा प्यायला. कडू होता, आणि जिभेवर चिकटून राहिला.

घरी गेनबांनी विचारलं, "कसा व्हता त्यांचा चहा?" एकाच वाडग्यातून सगळे प्यायले म्हटल्यावर ते उठून बसले. लहानपणी लोणी काळभोरच्या हॉटेलात त्यांना बाहेर, वेगळ्या कपात चहा मिळायचा. प्याल्यावर कप स्वतः विसळून ठेवायचा. "साहेब प्याला, आन् मग त्याच भांड्यातनं तू?" त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं. बाकीचं सांगायला आम्रपालीची जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये अनिरुद्ध समोर येऊन बसला. "बंगलोरची ऑफर आलीय. पण घरी नम्रताला दिवस गेलेत. इथेच राहावं म्हणतोय. तुला काय वाटतं?"

"जा."

"अगं, पण का?"

"जा म्हणतेय ना."

"काल तू यामादांबरोबर होतीस. काही बोलले का?"

ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा अर्थ विचारायला अनिरुद्ध सरळ श्यामसुंदर यांच्या केबिनमध्ये गेला. श्यामसुंदर हसले. "प्रोजेक्ट बंद? उलट वाढतोय. कोण म्हणालं, आम्रपाली?"

संध्याकाळच्या आत तिचं ओळखपत्र काढून घेतलं. कारण दिलं, गोपनीयतेचा भंग. वॉचमन गेटपर्यंत सोबत आला. वाटेत जिन्यात अनिरुद्ध भेटला. "सॉरी. मी फक्त विचारलं गं," म्हणाला. त्याने श्यामसुंदर यांच्यावर विश्वास ठेवला आणि बंगलोरला नकार कळवला.

पुढच्या महिन्यात टीम बंद झाली. मंदीत कुणीच माणसं घेत नव्हतं. अनिरुद्ध काही महिने घरी बसला. फोन उचलेना, दाढी करेना, दिवसभर पडदे ओढून पडून राहायचा. शेवटी नम्रता त्याला घेऊन अकोल्याला माहेरी गेली. आम्रपालीलाही दुसऱ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही. तिच्यावरचा शेरा तिच्या आधी पोचलेला असायचा. ती हडपसरला मुलांना जपानी शिकवू लागली.

बऱ्याच काळानंतर, पुन्हा पुण्यात आलेली नम्रता मंडईत दिसली. कडेवर मुलगी होती. आम्रपालीने विचारलं, "अनिरुद्ध कसा आहे?"

"औषधं चालू आहेत. अजून बोलत नाही फारसा." नम्रताने भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हाला माहीत होतं ना? मग स्पष्ट का नाही सांगितलंत?"

आम्रपालीने पिशवी धरायला हात पुढे केला. मुलगी रडू लागली, तशी नम्रता वळली आणि रिक्षा शोधायला निघून गेली.