अधिकार नसलेली विद्या

राजूरला माझी बदली झाली, तेव्हा बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. पहिल्या बाळंतपणात ती आणि मूल, दोघंही गेली. मी शाळेत मराठी शिकवायचो, खोलीवर येऊन भात टाकायचो आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचो.

शेजारच्या खोलीत गुरांचे डॉक्टर राहत. निवृत्तीला आलेले, मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती आणि दोन्ही मुली इस्राएलला गेल्या होत्या. दवाखान्यात झाडलोट करणारी मावशी मला म्हणाली होती, "डॉक्टर शनवारी कशाला हात लावत न्हाईत. बैल मरायला टेकला तरच उठत्यात."

एकदा त्यांच्याकडे चहा घेताना फडक्यात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक दिसलं. मी विचारलं, तर म्हणाले, "सासऱ्यांचं आहे. हिब्रू. आत्म्याची गुप्त विद्या आहे त्यात. माणूस गेल्यावर आत्मा कुठं जातो, परत येतो का, असं सगळं."

बशीतला चहा माझ्या धोतरावर सांडला. "मला शिकवाल?"

त्यांनी मला पुसायला पंचा दिला. मग म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आमच्यातले नाही. हे चालतं का, ते विचारावं लागेल."

मुंबईला त्यांच्या धर्मशास्त्राचे एक जाणकार होते. डॉक्टरांनी त्यांना पत्र टाकलं. मी दीड महिना रोज पोस्टमनची वाट पाहिली.

उत्तर त्यांनी मला ओट्यावर बसून वाचून दाखवलं. सगळ्या मानवजातीसाठी देवाच्या, खून नको, चोरी नको अशा, सात आज्ञा आहेत, त्या परक्यानं जरूर शिकाव्यात. देव एकच आहे हेही शिकावं. त्यापलीकडे परक्याला किती सांगावं, यावर शास्त्र्यांची मतं वेगवेगळी आहेत. पण गुप्त विद्या शिकवू नये, असाच बहुतेकांचा कल. ती विद्या आपल्या माणसालासुद्धा आधी बाकीचं शास्त्र पचवल्यावर, पिकल्या वयातच द्यायची असते. शेवटच्या ओळीपाशी डॉक्टर अडखळले. तिथं विचारलं होतं, तुम्ही स्वतः कितपत शिकला आहात?

"मला नुसती अक्षरं लागतात," ते खाली बघत म्हणाले. "अर्थ एका पानाचाही येत नाही."

मी उठून आलो. राहात्याच्या आमच्या शेतकरी घरात भटजी पूजेला पुराणातलेच मंत्र म्हणत. वेदाचा तुम्हाला अधिकार नाही, असं त्यांनी माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलेलं मी ऐकलं होतं. इथंही तेच. आठवडाभर मी डॉक्टरांच्या ओट्याकडे फिरकलो नाही. राग त्यांच्यावर नव्हता, पण दुसरं माणूस तरी कोण होतं रागवायला?

मग एका संध्याकाळी तेच दारात आले. "आज माझ्या बायकोची तिथी आहे," म्हणाले. "मेलेल्यासाठी आमच्यात एक प्रार्थना असते. तिला आमचे दहा पुरुष लागतात. इथं मी एकटा. तीन वर्षं ती म्हणताच आलेली नाही. तुम्ही मोजणीत धरले जाणार नाही, गुरुजी. पण याल का?"

मी गेलो. त्यांनी दिवा लावला, डोक्यावर टोपी ठेवली आणि दोघं समोरासमोर बसलो. प्रार्थना झाली नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मंडळींचं नाव काय होतं?"

लग्नातल्या उखाण्यानंतर मी तिचं नाव कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आता घेतलं. त्यांनी एकदा ते नाव उच्चारलं, बरोबर उच्चारलं ना म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि मुलींकडे गेले. पुस्तक घेऊन गेले. एक पत्र आलं: इथं दहा माणसं सहज मिळतात, पण मराठी बोलायला कोणी नाही. मी लगेच उत्तर लिहिलं. नंतर त्यांचं काही आलं नाही.

आत्मा कुठं जातो, ते मला अजून कळलेलं नाही. शेजारच्या खोलीत एक तलाठी राहायला आला. भला माणूस होता. त्याच्याशी मी हवापाण्याचंच बोलायचो.