मासे नसलेली पेटी

कर्नाटक सीमेजवळच्या मुरुम गावच्या बाजारात हणमंतप्पांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. लग्न काही झालं नाही. दुकानामागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची आई राहत. आई गेली, तिचा फोटो त्यांनीच मढवला, आणि घरातलं कानडी बंद पडलं. "ऊटा आतेनो?" म्हणजे जेवलास का, एवढं विचारणारंही कुणी उरलं नाही.

त्या उन्हाळ्यात फोनवर त्यांना एक व्हिडिओ दिसला. काचेच्या पेटीत पाण्याखाली अख्खं रान उभं केलेलं. ते मनातून जाईना. काच कापणं तर हातचंच काम. उरल्यासुरल्या काचा चिकटवून त्यांनी पेटी केली. ओढ्याच्या काठी बाभळीचं वाळकं मूळ सापडलं, पण पाण्यात टाकलं की वर तरंगायचं. उकळलं, चहासारखं झालेलं पाणी ओतून दिलं, पुन्हा उकळलं. शेवटी शहाबादी फरशीच्या तुकड्याला स्क्रूनं आवळलं, तेव्हा कुठं ते तळाशी बसलं. सोलापुरातून आणलेलं जावा फर्न नावाचं पाण्यात वाढणारं रोप त्यांनी दोऱ्यानं मुळाला बांधलं, मागं ओढ्यातलं पाणगवत लावलं.

आधी सगळं कुजल्यासारखं झालं. मग एका सकाळी मुळाच्या बेचक्यात नखाएवढं कोवळं पान दिसलं. सांगावं कुणाला? शेजारच्या कल्याणप्पांना हाताला धरून आणलं.

"मासे कुठं हायत?"

"मासे न्हाईत. झाडंच हायत."

"मग बघायचं काय ह्यात?" कल्याणप्पा हसत निघून गेले.

जो येई तो हेच विचारी. शाळेतल्या अर्पिता मॅडम फोटो मढवायला आल्या, त्यांनी मात्र नाही विचारलं. काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. "काका, ह्या मुळाखालनं आत शिरावं वाटतंय हो. आमच्या घरी असलं एक करून द्याल?"

त्यांचं बोलणं संपायच्या आत हणमंतप्पा हो म्हणाले.

पावसाळाभर ते त्याच नादात होते. मॅडमसाठी त्यांनी स्वतःच्यापेक्षा देखणं मूळ शोधलं, पेटी लावून दिली. "कधीबी बघायला येत जा," मॅडम म्हणाल्या. लगेच गेलं तर बरं दिसणार नाही म्हणून दिवाळीपर्यंत थांबले.

दिवाळीत गेले, तर पेटीत गोल्डफिश फिरत होते. गवत उपटून खाल्लेलं, फर्नच्या नुसत्या काड्या. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा किल्ला.

"सासूबाई म्हणाल्या, नुसता पाला काय बघायचा," मॅडम हसत म्हणाल्या. "छान दिसतंय ना आता?"

"छान हाय की."

चहा, चिवडा झाला. टीव्ही चालू होता. उठताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ते मूळ तेवढं नेऊ का?"

"न्या की! मासे त्याच्यामागंच लपतात, दिसतच न्हाईत."

बाही सारून त्यांनी हात पाण्यात घातला. खायला आलं समजून मासे मनगटाभोवती जमले, तोंडं लावू लागले. हात काढावासा वाटेना. मॅडम पंचा घेऊन उभ्या होत्या, म्हणून काढला.

ओलं मूळ पिशवीत घालून ते बाजारातून घरी आले. पिशवीतून पाणी ठिबकत होतं, पण कुणी काय आहे म्हणून विचारलं नाही. त्यांच्या पेटीत दुसऱ्या मुळाला जागा नव्हती. वाळवायचं जिवावर आलं. मोरीतल्या बादलीत पाणी भरून त्यात ते बुडवून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीसाठी नवी बादली आणली.