अडतीस मिनिटांचा दिवा

सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी वहिनी एका वजनकाट्याच्या तुटलेल्या वायरला सोल्डरचा डाग देत होत्या. तेवढ्यात त्यांच्या डाव्या हाताला जळत असलेला ऑपरेशनचा दिवा बंद झाला. बटण कोणी दाबलं नव्हतं. वीज होती, पंखा फिरत होता. काही सेकंदांनी दिवा आपोआप लागला आणि पुन्हा गेला.

"वहिनी, डोळा मारतोय तो तुम्हाला," पुढच्या काउंटरवरून दीर म्हणाला. तो मिक्सर दुरुस्त करतो. त्याचं ऐकून सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणते.

वहिनी हसल्या नाहीत. दिव्याचं मागचं झाकण काढलेलंच होतं. त्यांनी आतल्या पट्टीच्या मध्यावर बोट नेलं आणि धग लागून टेकवण्याआधीच मागे घेतलं. मग घड्याळ पाहिलं. दिवा नऊ बाराला लावला होता. अडतीस मिनिटं.

अगदी असाच दुसरा दिवा त्यांनी काल संध्याकाळी हातांच्या शस्त्रक्रियेच्या छोट्या दवाखान्यात परत दिला होता. दोन्हींत बिघाड तोच होता आणि इलाजही त्यांनी तोच केला होता. "उद्या सकाळी एका सुताराचा हात आहे, करवतीने दोन बोटं गेली असती," दिवा घेताना तिथली मोठी सिस्टर म्हणाली होती. बोटं वाकवणाऱ्या, दोरीसारख्या कंडरा शिवायच्या होत्या. दवाखान्याकडे असे दिवे दोनच. एक इथे टेबलावर होता आणि दुसऱ्याखाली आत्ता सुताराचा उजवा हात होता.

या दिव्यात पांढऱ्या एलईडींच्या आठ ओळी असतात. नखाएवढी एक चिप आठही ओळींना ठरलेला करंट मोजून देते. ओळीला लागतात त्यापेक्षा जास्त व्होल्ट आले, तर जास्तीचा भार ती स्वतःवर घेते. त्याची उष्णता होते, आणि फारच तापली की जळण्याआधी ती सगळ्या ओळी एकदम बंद करते. उजेड कमी करायचं कडं फिरवलं, तर ती ओळी सेकंदाला हजारदा लावते आणि मालवते. डोळ्याला लुकलुक कळत नाही, उजेड तेवढा कमी वाटतो. चिपही तेवढीच कमी तापते.

प्रत्येक दिव्यातली एक जळकी ओळ वहिनींनी बदलली होती. नवे एलईडी वेगळ्या रिळातले, म्हणजे वेगळ्या खेपेचे होते, त्यांना थोडे जास्त व्होल्ट लागत होते, म्हणून ती ओळ मंद राहिली. वहिनींनी पुरवठाच दोन व्होल्टनी वाढवला. नवी ओळ खुलली. उरलेल्या सात ओळींना ते दोन व्होल्ट नको होते. ते चिपवर पडले. कालचा दिवा त्यांनी दहा मिनिटं चालवून पाहिला होता. एकोणीस वर्षांपूर्वी गाड्यांच्या दिव्यांच्या कारखान्यात शिकलेला दहा मिनिटांचा तो नियम होता आणि आजवर त्याने दगा दिला नव्हता.

नऊ बावन्नला सिस्टरने फोन उचलला.

"दिवा कधी लावलात?"

"नऊ वीसला. का हो?"

"तो बंद पडणार आहे. चूक माझी आहे. डॉक्टरांना ऐकू येईल असा ठेवा फोन."

बत्तीस मिनिटं झाली होती. वहिनींनी हिशेब केला, सहा उरली. मग त्यांची नजर बाजूला पडलेल्या झाकणावर गेली. त्यांच्याकडे चिपला वारा लागत होता. तिथला दिवा बंदिस्त होता. सहा मिनिटंही धरता येणार नव्हती.

"कडं दहावरून सहावर आणा. आत्ता," त्या म्हणाल्या.

"सहावर मला धागा दिसणार नाही," डॉक्टरांचा आवाज आला. "केसापेक्षा बारीक आहे तो. टॉर्च धरायला इथे मोकळा हात नाही."

"दिवा एक वीत खाली ओढा. उजेडाचा गोल लहान होईल, पण बोटांपुरता पुरेल."

पलीकडे काही धातूचं वाजलं. वहिनींनी इकडे तापमान मोजायची तार चिपला चिकटवली आणि टेबलावरचा दिवा नऊवर लावला. मिनिटभरात तो गेला. आठवर राहिला, आकडा हळूहळू उतरू लागला.

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "फोन ठेवू नका."

वहिनींनी तो ठेवला नाही. टेबलावरचा दिवा सहावर आणून, झाकण बसवून, त्या आकडा पाहत बसल्या. दिराने चहा आणला, थोड्या वेळाने तसाच परत नेला.

अकरा दहाला सिस्टरचा आवाज आला, "झालं. बांधतोय आता."

त्यानंतर डॉक्टरांनी एकच विचारलं. "हा पुन्हा दहावर कधी चालेल?"

"दुपारी येऊन नेते. आठही ओळी एकाच रिळातल्या घालते आणि व्होल्ट होते तिथे आणते."

फोन बंद झाल्यावर दीर म्हणाला, "चूक माझी, असं कशाला सांगायचं? लाइन वरखाली झाली म्हणायचं. कोण झाकण उघडून बघतंय?"

"तसं म्हटलं असतं तर त्यांनी दहावरच ठेवला असता, भाऊजी. मग तुम्ही जाणार होता टॉर्च धरायला?"

"मी? रक्त बघून मलाच झोपवायला लागलं असतं."

संध्याकाळी टेबलामागच्या भिंतीवरचा 'दहा मिनिटं' लिहिलेला पिवळा कागद निघाला. त्या जागी अजून दुसरा लागलेला नाही. उद्या दवाखान्यात पहिलं ऑपरेशन सव्वानऊला आहे. दिवा साडेसातला लागेल आणि पूर्ण दहावर, झाकण बंद ठेवून, साडेआठपर्यंत जळेल. खाली ऑपरेशनचं टेबल रिकामं असेल आणि शेजारी स्टुलावर वहिनी बसलेल्या असतील.