रविवारची तारीख

गल्लीत त्यांना सगळे संपादकीणबाई म्हणत, आणि त्यात थट्टा होती तेवढाच आदरही होता. साप्ताहिक नवऱ्याच्या नावावर होतं, पण चालवत होत्या बाई. पानं लावायच्या त्या, मशीन अडलं की बाह्या सरसावून आत हात घालायच्या त्या, आणि विक्रेत्यांशी हुज्जत घालायच्याही त्याच. नवरा लिहायचा. लिहायचा मात्र असा, की वाचणाऱ्याचं रक्त उसळावं आणि ज्याच्यावर लिहिलं त्याची झोप उडावी.

ठेकेदाराची अशीच उडाली होती. पाण्याच्या नव्या टाकीला वर्षाच्या आत तडे गेले, आणि सिमेंटमध्ये कुणी किती खाल्लं ते संपादकांनी पुराव्यासकट छापलं. ठेकेदार बदनामीचा फौजदारी दावा लावणार, अशी कुणकुण होती. मागे एका प्रकरणात संपादक दोषी ठरले, पण शिक्षा होता होता राहिली होती. पुन्हा दोषी ठरलात तर सरळ तुरुंग, असं न्यायाधीशांनी बजावलं होतं. त्यात संपादकांना दमा. जिना चढून आले की पाच मिनिटं बोलता यायचं नाही. हा माणूस कोठडीत आठवडाभर तरी टिकेल का, हा विचार बाईंची पाठ सोडत नसे.

बाईंचा धाकटा भाऊ वकील. तो म्हणाला, "ताई, तक्रारीला मुदत असते. अंक बाजारात आला त्या दिवसापासून मोजलं तर ती या शुक्रवारी संपते. तेवढा दिवस गेला की तो काही करू शकत नाही."

मग काय, घरादाराचा जीव टांगणीला. त्यात ठेकेदाराचा एक माणूस दर शुक्रवारी यायचा. गुळगुळीत दाढी, मऊ आवाज. मोजून एक अंक घ्यायचा, पहिल्या पानाचा वरचा भाग बोटाने हळूच साफ करायचा आणि म्हणायचा, "तुमचा अंक बाकी नेहमी ताजा असतो हं, बाई." बाईंना त्याचा संताप यायचा. ताजा नसेल तर काय शिळा विकू, मेल्या, असं ओठांवर यायचं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

तो शुक्रवारही आला आणि गेला. संध्याकाळी भावाचा कोर्टातून फोन आला: तक्रार दाखल नाही. संपादकांनी खुर्चीत पाय पसरले. "बघ, शेपूट घातलं की नाही त्याने?" बाईंनी चहात साखर जास्तच घातली. कित्येक महिन्यांनी त्या रात्री आडवं पडल्या पडल्या झोपल्या.

सोमवारी ठेकेदाराने तक्रार दाखल केली.

भाऊ धावत आला तो हसतच. "मुदत टळून गेलीय, ताई. कोर्ट दारातूनच परत पाठवेल." मग तक्रारीला जोडलेला अंक त्याने उलगडला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. साप्ताहिकाच्या नावाखाली छापलेलं होतं: रविवार. रविवारपासून मोजलं तर मुदत रविवारी संपत होती, आणि रविवारी कोर्ट बंद म्हणून सोमवार चालत होता.

ती तारीख बाईंचीच. अंक शुक्रवारी निघायचा, पण शुक्रवारची तारीख टाकली की रविवारी विक्रेते तो शिळा म्हणून गठ्ठ्याखाली दडपायचे. म्हणून पहिल्या अंकापासून बाईंनी दोन दिवस पुढची तारीख टाकली. घरात सगळ्यांच्या डोक्यात अंक म्हणजे शुक्रवार. त्या ओळीकडे बघत कोण होतं? बघत होता तो फक्त गुळगुळीत दाढीवाला.

"तू साक्ष दे," भाऊ म्हणाला. "अंक शुक्रवारी विकला एवढंच सांग." संपादक म्हणाले, "नको जाऊस गं." बाईंनी ऐकलं नाही. चूक माझी, निस्तरणार मीच.

समोरचा वकील अगदी अदबीने बोलला. "अंक शुक्रवारी विकलात?"

"हो."

"मग रविवार कोणी छापला?"

"मी."

"एकदाच?"

"दर आठवड्याला."

"म्हणजे तुमच्या पत्राची पहिलीच ओळ दर आठवड्याला खोटी असते. आणि खालचं सगळं खरं मानायचं, असं ना?"

कोर्टात कुणीतरी हसलं. छापलं खरं होतं, हाच तर नवऱ्याचा एकमेव बचाव होता, आणि त्याच्या मुळावर त्या स्वतःच घाव घालून बसल्या होत्या. न्यायाधीश म्हणाले, ज्याने तारीख छापली त्याच्यावर ती बंधनकारक. तक्रार मुदतीत धरली गेली, खटल्याची पुढची तारीख लागली.

बाहेर येऊन संपादक बाकावर बसले. दम लागला होता तरी म्हणाले, "अगं, तू खरं तेच सांगितलंस." बाईंना वाटलं, यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या आठवड्याच्या अंकावर बाईंनी प्रथमच शुक्रवार टाकला. गुळगुळीत दाढीवाला आला. वरची ओळ वाचून त्याने मान डोलावली, पैसे ठेवले, अंकाची घडी खिशात घातली.

"साहेबांना दमा आहे ना?" जाता जाता तो मऊपणे म्हणाला. "गरम कपडे काढून ठेवा, बाई. आत गारठा फार असतो."

एरवी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. बाईंनी मशीन बंद केलं, घरी गेल्या, आणि कपाटातून नवऱ्याचा जाड स्वेटर शोधायला लागल्या.